सोवळ्यापासून शुश्रूषेपर्यंत : 'स्मृतिचित्रे'तील ख्रिस्ती सेवाभावाचे स्वरूप

सारांश

ईश्वराची प्रीती माणसाच्या सेवेतून प्रकट व्हावी, हे ख्रिस्ती जीवनाचे एक मूलतत्त्व मानले जाते. प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या आधारे या तत्त्वाचा वाङ्मयीन अंगाने विचार केला आहे. या ग्रंथातील सेवेचे प्रसंग लेखिकेच्या मायाळू स्वभावाचे नमुने म्हणून वाचले जातात. ते या ग्रंथाचा धार्मिक गाभा आहेत, असे येथे प्रतिपादन केले आहे. सोवळ्याच्या भीतीपासून परक्या माणसाच्या शुश्रूषेपर्यंतचा प्रवास, सेवेमागील घरगुती श्रमांचा प्रश्न, सेवा आणि धर्मांतर यांचा संबंध आणि लेखिकेची आत्मविस्मृत निवेदनशैली या चार मुद्द्यांच्या अनुषंगाने ही मांडणी केली आहे.

बीजशब्द : ख्रिस्ती सेवाभाव, सोवळे, शेजारी, शुश्रूषा, आत्मचरित्र, लक्ष्मीबाई टिळक.

१. प्रस्तावना

लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या एका स्त्रीने उतारवयात केलेले हे लेखन मराठी गद्याच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून बसले. आजही पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ते नेमले जाते आणि विद्यार्थी ते आवडीने वाचतात, हा अध्यापकांचा सार्वत्रिक अनुभव आहे.

या ग्रंथाची समीक्षा प्रामुख्याने तीन दिशांनी झालेली दिसते. पहिली दिशा शैलीची आहे. लक्ष्मीबाईंची बोलीभाषा, त्यांचा निर्मळ विनोद आणि प्रसंग उभा करण्याची हातोटी यांचे कौतुक सर्वांनीच केले आहे. दुसरी दिशा चरित्राची आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक या कवीच्या जीवनाचे एक विश्वसनीय साधन म्हणून या ग्रंथाकडे पाहिले गेले. तिसरी दिशा स्त्रीवादी समीक्षेची आहे. एकोणिसाव्या शतकातील एका ब्राह्मण स्त्रीची घडण, तिचे परावलंबन आणि तिचा स्वतंत्र आवाज यांचा शोध या समीक्षेने घेतला. या तिन्ही दिशांनी मोलाची भर घातली आहे, यात शंका नाही. तथापि 'स्मृतिचित्रे' हा एका ख्रिस्ती स्त्रीने लिहिलेला ग्रंथ आहे, ही बाब या विवेचनांत बहुधा धर्मांतराच्या घटनेपुरतीच मर्यादित राहते. धर्मांतर झाले, पुढे संसार सुरू झाला. आणि त्या संसारातील अनाथ मुले, आजारी माणसे, वेळी-अवेळी येणारे पाहुणे हा सारा भाग लेखिकेच्या प्रेमळपणाचे उदाहरण म्हणून बाजूला ठेवला जातो.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथेच वाचनात एक उणीव राहते. लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती सिद्धांतांची चर्चा फारशी केलेली नाही. त्रैक्य, प्रायश्चित्त, तारण या विषयांवर त्यांनी पाने खर्च केली नाहीत. म्हणून हा ग्रंथ धार्मिक दृष्ट्या हलका ठरतो काय? की त्यांची धर्मश्रद्धा आपण चुकीच्या जागी शोधतो आहोत? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

२. 'शेजारी' या कल्पनेची पार्श्वभूमी

ख्रिस्ती परंपरेत सेवेचा विचार करताना नव्या करारातील काही स्थळांचा आधार घ्यावा लागतो. योहानाच्या पहिल्या पत्रात असा युक्तिवाद येतो की, डोळ्यांसमोरच्या बंधूवर ज्याची प्रीती नाही, त्याने न दिसणाऱ्या देवावर प्रीती असल्याचे सांगण्यात अर्थ नाही. याकोबाच्या पत्रात उघड्या आणि उपाशी माणसाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्या श्रद्धेची निष्फळता दाखविली आहे. या दोन्ही ठिकाणी मनुष्यसेवा ही ईश्वरप्रीतीची कसोटी मानलेली आहे.

या विचाराचे सर्वांत प्रभावी कथारूप लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आढळते. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेल्या केलेल्या माणसाला एक याजक आणि एक लेवी पाहतात व वाट बदलून निघून जातात. ज्याला यहुदी समाज परका मानत असे, तो शोमरोनी मात्र थांबतो. या कथेतील एक वाङ्मयीन विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. शोमरोन्याच्या मनात दया उत्पन्न झाली, एवढे सांगून कथा थांबत नाही. तो जवळ जातो, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्या बांधतो, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवितो, उतारशाळेत नेतो, रात्रभर त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून देतो आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देण्याचे कबूल करतो. दया ही भावना असली तरी कथेने तिची मोजदाद कृतींत केली आहे. त्यात हात, वेळ, पैसा आणि परत येण्याचे वचन या सर्वांचा समावेश आहे.

याजक आणि लेवी का निघून गेले, याचे कारण मूळ कथेत दिलेले नाही. प्रेताच्या विटाळाच्या भीतीने ते दूर गेले, असा अर्थ अनेक भाष्यकारांनी लावला. अलीकडच्या अभ्यासकांनी मात्र प्राण वाचविण्याचे कर्तव्य यहुदी धर्मशास्त्रात शुद्धीच्या नियमांहून श्रेष्ठ मानले आहे, याकडे लक्ष वेधून हा अर्थ नाकारला आहे. हा आक्षेप रास्त आहे, आणि कोणत्याही एका धर्माला निर्दय ठरविण्यासाठी या कथेचा उपयोग करू नये, हे त्यातून शिकण्याजोगे आहे. कथेचा खरा रोख वेगळाच आहे. आपला शेजारी कोण, हा प्रश्न विचारणाऱ्या शास्त्र्याला शेवटी उलट प्रश्न विचारला जातो की, त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? अशा रीतीने 'शेजारी' ही संज्ञा नात्याची न राहता कृतीची होते.

येथे मराठीतील एका शब्दाचा विचार उपयुक्त ठरेल. दया, दान, सेवा आणि शुश्रूषा हे शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. दया वरून खाली येऊ शकते. दान दुरूनही करता येते. 'शुश्रूषा' हा शब्द मात्र 'श्रु' या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. आज्ञा ऐकण्यास तत्पर असणे आणि त्यावरून सेवा करणे, असा त्याच्या अर्थाचा विकास झाला. रुग्णाच्या उशाशी बसून त्याला काय हवे आहे ते ऐकणे, हा त्यातील भाव दुरून साधत नाही. त्याला सान्निध्य लागते. 'स्मृतिचित्रे'चा प्रवास या सान्निध्याच्या दिशेने होतो.

३. सोवळे : भीतीने व्यापलेले घर

'स्मृतिचित्रे'चा आरंभ लेखिकेच्या जन्मापासून होत नाही, तर १८५७च्या बंडापासून होतो. आजोबांना फाशी झाली आणि त्या प्रसंगाचा आघात लेखिकेच्या वडिलांच्या मनावर इतका खोल झाला की त्यांना सोवळ्याचे वेड जडले. बाजारातून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावी लागे; मिठासारखा पाण्यात विरघळणारा पदार्थही त्यातून सुटत नसे. आई आणि मुले या धाकाखाली दिवस काढीत.

लक्ष्मीबाई हे सारे विनोदाने सांगतात. वर्गात हा भाग वाचताना विद्यार्थी हसतात. पण दुसऱ्या वाचनात हसू ओसरते. मीठ धुणारा हात हा क्रूर माणसाचा हात नाही, तो घाबरलेल्या माणसाचा हात आहे. राजसत्तेने घरातील माणूस फासावर चढविला. त्या सत्तेविरुद्ध काही करणे शक्य नव्हते. तेव्हा जगाचा स्पर्शच नाकारणे हा एक मार्ग उरला. लेखिकेने वडिलांचा निषेध केलेला नाही. सोवळ्याची जातिव्यवस्थेतील मुळे तिला माहीत आहेत, परंतु या विशिष्ट घरात त्याला भीतीचे खतपाणी कसे मिळाले, हे ती दाखविते. या चित्रणात ग्रंथाच्या पुढील साऱ्या घडामोडींचे बीज आहे. जे घर बाहेरच्या जगाचा कणही न धुता आत घेत नाही, त्या घरातील मुलगी पुढे जातिकुळाची चौकशी न करता माणसे आत घेणाऱ्या घराची गृहिणी होते. या दोन घरांमधील अंतर हाच 'स्मृतिचित्रे'चा खरा कथाविषय आहे, असे म्हणता येईल.

४. श्रद्धेच्या आधी आलेली प्रीती

१८८० साली, वयाच्या अकराव्या वर्षी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या पाच वर्षांचा वृत्तान्त हा ग्रंथाचा सर्वांत हृद्य भाग होय. पतीने धर्म बदलल्याची बातमी येताच त्यांच्यावर आकाश कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला.

या भागाकडे दोन कारणांसाठी लक्ष द्यावयास हवे. पहिले असे की, या कठीण काळात लक्ष्मीबाईंना ज्यांनी सांभाळले ते सर्व हिंदू आप्तेष्ट होते. धर्मांतराची कथा सांगणाऱ्या लेखकाला पूर्वीचा समाज काळ्या रंगात रंगविण्याचा मोह होतो. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीतील विधवांच्या दुःखाचे चित्रण कितीही सच्चे असले, तरी ते एका निश्चित निष्कर्षाकडे वाचकाला नेण्यासाठी रचलेले आहे, हे जाणवत राहते. 'स्मृतिचित्रे'त असा खटाटोप नाही. ज्यांनी आधार दिला त्यांचे ऋण लेखिका धर्माची सीमा न पाहता मान्य करते. शोमरोन्याची कथा गंभीरपणे घेणाऱ्या ख्रिस्ती वाचकाला हे परके वाटू नये. कारण त्या कथेतही प्रीतीचे उदाहरण आपल्या गोटाबाहेरचा माणूसच घालून देतो. ईश्वराची प्रीती ही कोणा एका समाजाची मालमत्ता नाही, हे लक्ष्मीबाईंनी सिद्धांत म्हणून मांडलेले नाही. पण त्यांचे कथन हेच सांगते.

दुसरे कारण त्यांच्या परिवर्तनाच्या क्रमाशी निगडित आहे. टिळकांकडे त्या परतल्या तेव्हा ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, शिवताशिवतीचे नियम पूर्ववत होते. पतीचा संसार आणि स्वतःचे सोवळे या दोहोंना एका छपराखाली नांदविण्याची ती विलक्षण कसरत होती. हे नियम एका दिवसात गळून पडले नाहीत. आधी मनात प्रश्न उठला की माणसामाणसांतील हा भेद देवाने केला की माणसांनी? मग एकेक बंधन सुटत गेले. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. म्हणजे आधी सिद्धांत पटला आणि मग आचरण बदलले, असे येथे घडले नाही. आधी परक्या माणसांशी सहवास घडला, त्यातून आचरण बदलले आणि श्रद्धेचा उच्चार शेवटी झाला. दीर्घ विरहानंतरही टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही, ही गोष्टही या संदर्भात महत्त्वाची आहे. प्रीतीला वाट पाहता आली पाहिजे, हा सेवेचा एक दुर्लक्षित पैलू येथे दिसतो.

५. औदार्य कोणाचे आणि श्रम कोणाचे?

टिळक दांपत्याचे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), राहुरी आणि पुढे सातारा येथील वास्तव्य हा ग्रंथाचा मोठा भाग व्यापतो. अमेरिकन मराठी मिशनच्या कार्याचे नगर हे प्रमुख केंद्र होते. १८९९-१९००च्या भीषण दुष्काळाने आणि १८९६ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेल्या प्लेगने या प्रदेशात मृत्यूचे थैमान घातले. त्या दिवसांत आजाऱ्यांपासून त्यांचे स्वतःचे नातलगही दूर पळत. टिळकांच्या घराचे दार मात्र उघडे असे. निराधार मुले येत, राहत, वाढत. ताराला त्यांनी आपली मुलगी म्हणून वाढविले. बालकवी ठोमरे (१८९०-१९१८) या तरुण कवीलाही या घराने पुत्राप्रमाणे सांभाळले. मराठी निसर्गकवितेच्या इतिहासात या घराचा वाटा आहे, याचे श्रेय आपण टिळकांच्या काव्यगुरुत्वाला देतो. त्यात लक्ष्मीबाईंच्या ताटाचाही वाटा होता.

येथून एक अवघड प्रश्न उभा राहतो. टिळकांचे औदार्य निःसंशय खरे होते. हातात आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे. समोरच्याची गरज दिसली की देण्यापूर्वी ते घरातील डब्यांचा विचार करीत नसत. परंतु दिलेल्या पैशामागे घरात पडलेली तूट कोण भरून काढीत होते? टिळक माणूस घरी आणीत. त्याला जेवू घालणे, त्याचे कपडे धुणे, त्याच्या तापाची रात्र जागून काढणे हे काम कोणाचे होते? 'स्मृतिचित्रे'त या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक प्रकरणात मिळते. लक्ष्मीबाई तक्रारीचा सूर लावीत नाहीत, पण हिशेब लपवीतही नाहीत. टिळकांचा शीघ्रकोपी स्वभाव, त्यांचे अचानक घर सोडून जाणे, व्यवहारातील भोळेपणा हे सारे त्या खेळकरपणे सांगतात आणि त्या खेळकरपणातून वाचकाला जे कळावयाचे ते कळते.

लूककृत शुभवर्तमानात शोमरोन्याच्या कथेला लागूनच मार्था आणि मरीया या दोन बहिणींचा प्रसंग येतो. मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकते आणि मार्था पाहुणचाराच्या कामात गुंतून त्रासते. परंपरेने मरीयेला ध्यानाचे आणि मार्थेला कर्माचे प्रतीक मानून मरीयेची निवड श्रेष्ठ ठरविली. 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर मार्थेच्या बाजूने बोलण्याची इच्छा होते. शोमरोन्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले हे खरे. पण तो निघून गेल्यावर पुढील दिवसांतली सेवा उतारशाळेच्या मालकाने केली असली पाहिजे. कथेत त्याला नाव नाही आणि त्याच्या श्रमांचे वर्णनही नाही. ख्रिस्ती सेवेच्या इतिहासात असे उतारशाळेचे मालक पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य स्त्रिया आहेत. लक्ष्मीबाईंचे वाङ्मयीन कार्य असे की, त्यांनी या पडद्यामागील माणसाला बोलते केले.

म्हणून टिळकांच्या 'देवाचा दरबार' या उपक्रमाकडे पाहतानाही सावधपणा हवा. १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकोरी सोडून संन्यस्त वृत्तीने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ साताऱ्यात उभारला. भारतीय ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात हे पाऊल फार पुढचे होते. परंतु संन्यास घेणाऱ्या पुरुषाच्या घरी चूल पेटतीच ठेवावी लागते. ईश्वराच्या प्रीतीपोटी घर सोडणे आणि ईश्वराच्या प्रीतीपोटी घर सांभाळणे यांत श्रेष्ठ काय, हा प्रश्न चरित्रकारांनी टिळकांच्या बाजूने सोडविला आहे. 'स्मृतिचित्रे' तो खुला ठेवते.

६. सेवा आणि धर्मांतर : आक्षेपांचा विचार

ख्रिस्ती सेवाकार्यावर घेतला जाणारा प्रमुख आक्षेप असा की, ही सेवा निर्हेतुक नसते. तिच्यामागे धर्मप्रसाराचा उद्देश असतो. दुष्काळात ख्रिस्ती झालेल्या गोरगरिबांना त्या काळी हिणविले जाई, हे सर्वश्रुत आहे. पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) कार्यालाही या आक्षेपाला तोंड द्यावे लागले. १८८९ मध्ये सुरू झालेल्या शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या कारणावरून १८९३ साली वादळ उठले; न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे रमाबाईंनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या दुष्काळात गुजरातेतून निराधार मुली व स्त्रिया आणून केडगाव येथे दीड हजारांहून अधिक जणींना आश्रय दिला.

हा आक्षेप झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भुकेल्या माणसाच्या निवडीला स्वातंत्र्य कितपत असते, हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांनाही अस्वस्थ करणारा आहे. परंतु आक्षेप घेणाऱ्यालाही एक प्रश्न विचारावा लागतो. सेवेमागील हेतू तपासण्याचा अधिकार जो थांबला नाही त्याला किती असावा? दुष्काळातील त्या मुलींना कोणी उचलले नसते तर काय झाले असते, याचे उत्तर त्या काळच्या रस्त्यांनी दिले होते. रमाबाईंची सेवा संस्थात्मक होती. तिला नियम, शिस्त आणि घोषित श्रद्धा होती. लक्ष्मीबाईंची सेवा घरगुती होती. आणि घरात आलेल्या माणसाने आपला धर्म बदलावा यासाठी त्या विशेष धडपडल्याचे चित्र ग्रंथात दिसत नाही. स्वतः पाच वर्षे निराळ्या श्रद्धेने राहिलेल्या स्त्रीला दुसऱ्याच्या विलंबाची किंमत ठाऊक होती, असे अनुमान करता येते. सेवा हे साधन मानावे की साध्य, या वादात लक्ष्मीबाईंचा कौल साध्याच्या बाजूने आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ग्रंथाची एक मर्यादा मात्र नोंदविली पाहिजे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुसंख्येने महार व मांग जातींतून आलेला होता. लक्ष्मीबाई त्या समाजात आल्या त्या एका ब्राह्मण कुटुंबातून. त्यांनी स्वतःच्या सोवळ्यावर मात कशी केली, हे त्या तपशिलाने सांगतात. परंतु ज्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला गेला त्यांना या परिवर्तनाविषयी काय वाटले, हे त्यांच्या नजरेतून ग्रंथात येत नाही. सेवा करणाऱ्याची कथा आपल्या हाती आहे. सेवा स्वीकारणाऱ्याची नाही. अस्पृश्यतेचा चटका सोसलेल्या माणसाला दयेपेक्षा समता अधिक हवी असते. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासकांनी हा दुसरा आवाज कौटुंबिक कागदपत्रे, मंडळ्यांच्या नोंदी आणि १८४२ पासून सुरू झालेल्या 'ज्ञानोदय'सारख्या नियतकालिकांची जुनी पाने यांतून शोधणे अगत्याचे आहे. त्यावाचून 'स्मृतिचित्रे'चे वाचन अपुरे राहील.

७. आत्मविस्मृतीची शैली

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अंतिम न्यायाचे दृश्य येते. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो त्याप्रमाणे राजा माणसांना वेगळे करतो. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आश्रय, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची भेट आणि बंदिवानाची विचारपूस या कसोट्यांवर निवाडा होतो. या दृश्यातील एक बारकावा वाङ्मयाच्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावा. ज्यांना नीतिमान ठरविले जाते ते चकित होतात. आपण राजाची अशी सेवा केव्हा केली, हे त्यांना आठवत नाही. खरी सेवा करणाऱ्याकडे तिची नोंद नसते.

आत्मचरित्र हा तर नोंदींचा वाङ्मयप्रकार. आपण काय केले ते सांगण्यासाठीच तो लिहिला जातो. मग सेवाभावी माणसाने आत्मचरित्र कसे लिहावे? लक्ष्मीबाईंच्या शैलीने हा पेच सोडविला आहे. त्यांना सारे आठवते. माणसांच्या लकबी, भांडणे, फजित्या, पदार्थ, प्रवास, मुलांचे हट्ट यांची स्मृती तीक्ष्ण आहे. एकच गोष्ट त्या नोंदवीत नाहीत, ती म्हणजे स्वतःचे पुण्य. एखाद्या आजाऱ्याची शुश्रूषा केल्याचा प्रसंग सांगताना त्यांचे लक्ष त्या आजाऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाकडे किंवा स्वतःच्या घाबरटपणाकडे असते. विनोदाचा रोख बहुतेक वेळा त्यांच्याच दिशेने वळतो. त्यांच्या विनोदाला समीक्षकांनी निर्मळ म्हटले आहे. त्याला नम्र म्हणणे अधिक अचूक होईल. स्वतःवर हसणारा निवेदक स्वतःला उंच आसनावर बसवू शकत नाही.

भक्तिपर चरित्रांमधील सेवेची वर्णने पुष्कळदा कृत्रिम वाटतात, कारण त्यांत रुग्ण हा सेवकाच्या मोठेपणाचे निमित्त होऊन जातो. 'स्मृतिचित्रे'त रुग्ण, अनाथ आणि पाहुणा हे स्वतंत्र, जिवंत, कधी त्रासदायक माणसे म्हणून उभे राहतात. माणसाला त्याच्या त्रासदायकपणासह लक्षात ठेवणे हीही एक प्रकारची प्रीती आहे. ज्या अर्थाने शुश्रूषा म्हणजे ऐकणे, त्या अर्थाने लक्ष्मीबाईंचे लेखन ही त्यांच्या शुश्रूषेचीच पुढची पायरी आहे. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूनंतर (१९१९) लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. त्या महाकाव्यात ख्रिस्ताचे चरित्र आहे. त्यांचा ख्रिस्त मात्र वाचकाला 'स्मृतिचित्रे'त अधिक जवळून भेटतो, जरी तेथे त्याचे नाव क्वचितच येत असले तरी.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, 'स्मृतिचित्रे'तील सेवेचे प्रसंग हे कथानकाची भर नसून लेखिकेच्या श्रद्धेचे मुख्य विधान आहेत. सिद्धांतचर्चेचा अभाव ही उणीव न मानता श्रद्धेची एक निराळी भाषा मानली पाहिजे.

दुसरा, या ग्रंथात परिवर्तनाचा क्रम आचरणाकडून श्रद्धेकडे जातो. सोवळ्याने झाकलेल्या भीतीवर स्पर्शाने मात केली, युक्तिवादाने नव्हे.

तिसरा, ईश्वराच्या प्रीतीचे दर्शन घडविणाऱ्या सेवेमागे श्रमांची विषम वाटणी असू शकते. या वाटणीची जाणीव न ठेवता केलेला सेवेचा गौरव अर्धसत्य ठरतो. हा मुद्दा टिळकांच्या घरापुरता नाही; प्रत्येक सेवाभावी संस्थेला आणि कुटुंबाला तो लागू पडतो.

चौथा, सेवा स्वीकारणाऱ्यांच्या कथनावाचून सेवेचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. या दिशेने संशोधनास मोठा वाव आहे.

आपल्या महाविद्यालयांत मूल्यशिक्षणाचे तास होतात, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात, सेवेवर निबंधस्पर्धाही घेतल्या जातात. त्या साऱ्यांत सेवा हे एक प्रमाणपत्र होऊन बसण्याचा धोका असतो. ज्या स्त्रीच्या बालपणी मीठसुद्धा धुऊन घरात येत असे, तिने पुढे परक्या मुलांना न्हाऊमाखू घातले आणि त्याची नोंद पुण्य म्हणून ठेवली नाही. वर्गात हे पुस्तक शिकविताना तिच्या विनोदाबरोबर तिचे हे मौनही विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे, हे अध्यापक म्हणून आपले काम आहे.